कोळशाला औषध आणि विष यातला फरक कळत नाही

प्रश्न असा आहे: सावजी जेवण झालं की पोट फुगतं, म्हणून घरात चारकोलच्या काळ्या गोळ्यांची पट्टी कायम असते. लहान मुलाने चुकून काही विषारी खाल्लं, तर याच गोळ्या देऊन भागेल का? सासूबाईंना थायरॉईडची एक आणि फिट येऊ नये म्हणून एक अशा दोन गोळ्या रोज चालू आहेत. त्यांनी गॅससाठी ही काळी गोळी घेतली तर चालेल का? आणि हल्ली काळा बर्गर, काळं आइस्क्रीम मिळतं. तो रंग याच कोळशाचा असेल तर मुलांना द्यावं का?

आधी सरळ उत्तरं. विषबाधेत या गोळ्यांचा काही उपयोग नाही, उलट त्या देण्यात मोलाचा वेळ जातो. सासूबाईंनी त्या घेऊ नयेत. काळं आइस्क्रीम निरोगी मुलाने एखाद्या वेळी खाल्लं तर बिघडत नाही; रोजची औषधं चालू असलेल्याने मात्र ते टाळावं. तिन्ही उत्तरांच्या मागे कारण एकच आहे. हा कोळसा पोटात जे सापडेल ते धरतो. ते विष आहे, औषध आहे की सकाळचा चहा आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून काय खाल्लं, किती खाल्लं आणि खाऊन किती वेळ झाला, या तीन गोष्टींवर त्याचा सगळा हिशेब चालतो.

शेगडीतला लोणारी कोळसा आणि औषधी कोळसा एकाच कुळातले, पण काम अगदी वेगळं. नारळाची करवंटी किंवा लाकूड आधी हवा कोंडून जाळतात. मग त्या कोळशावर ८०० ते १००० अंश सेल्सिअसला पाण्याची वाफ सोडतात. या तापमानाला वाफ कोळशाला आतून कुरतडते आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं पडतात. कुणी वाफेऐवजी फॉस्फोरिक आम्ल वापरतं, त्याला तापमान कमी लागतं. यालाच ‘सक्रिय करणं’ म्हणतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम भुकटीचा आतला-बाहेरचा मिळून पृष्ठभाग सुमारे १००० चौरस मीटर भरतो. आपल्या मापात सांगायचं तर चार ग्रॅम म्हणजे जवळपास एक एकर. दवाखान्यात मोठ्या माणसाला ५० ग्रॅमचा डोस देतात, तेव्हा त्याच्या पोटात बारा एकर रान पसरलेलं असतं.

त्या रानावर विष चिकटतं. मुरत नाही, चिकटतं. मराठीत याला अधिशोषण म्हणतात, आणि शोषणाशी त्याची गल्लत होऊ देऊ नये. दिवाळीच्या सुमारास शेताच्या धुऱ्यावरून चालून आलं की कपड्यांना कुसळं लागतात, तसा हा प्रकार आहे. कापड कुसळं निवडून घेत नाही, जे घासून जाईल ते अडकतं. आणि कापड भरलं की पुढची कुसळं अडकायला जागा उरत नाही.

काही गोष्टी मात्र त्याला धरताच येत नाहीत. बहुतेक गोळ्या-औषधं आणि वनस्पतींतली विषं यांचे रेणू मोठे, कार्बनी आणि पाण्यात फारसे न रमणारे असतात. ते छान चिकटतात. लोह, लिथियम, शिसं, पोटॅशियमचे क्षार, तीव्र आम्ल, कॉस्टिक सोडा, दारू आणि मिथेनॉल हे जवळजवळ चिकटतच नाहीत. ही यादी पाठ असलेली बरी. गरोदर बाईसाठी सरकारी दवाखान्यातून आणलेल्या लोहाच्या गोळ्या घरातल्या लेकराने गोड समजून खाणं ही खरी धोकादायक विषबाधा आहे, आणि तिच्यात कोळसा कुचकामी आहे. दारूची नशा किंवा दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी चारकोलने उतरते हेही याच कारणाने खोटं.

आता विषबाधेचं गणित. साधारण नियम असा की विषाच्या वजनाच्या दहापट कोळसा हवा. प्यायला किती गेलं ते माहीत नसेल तर मोठ्या माणसाला ५० ग्रॅम (गरजेप्रमाणे २५ ते १००), १ ते १२ वर्षांच्या मुलाला २५ ते ५० ग्रॅम, आणि त्याहून लहान बाळाला वजनाच्या दर किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम देतात. आता घरातल्या पट्टीवरचं बारीक अक्षर वाचा. पचनाच्या एन्झाइमबरोबर कोळसा घातलेल्या गोळीत तो साधारण ७५ मिलिग्रॅम असतो. ५० ग्रॅम भरायला अशा ६६७ गोळ्या लागतील. नुसत्या कोळशाच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या असल्या तरी २०० लागतील. चार-सहा गोळ्या कुटून पाण्यातून दिल्या तर मूल ठसकतं आणि आई-बापाला वाटतं उपचार झाला. हे खोटं समाधान सगळ्यात घातक, कारण तेवढ्यात खरा वेळ निघून जातो.

वेळेचं महत्त्व आकड्यांतच दिसतं. निरोगी स्वयंसेवकांवर जे प्रयोग झाले त्यांत ५० ग्रॅम कोळसा औषधानंतर अर्ध्या तासाच्या आत दिला तर औषध अंगात भिनणं सरासरी निम्म्याच्या जवळपास घटलं. एका तासाने दिला तर सुमारे ४० टक्के, आणि दोन तासांनी जेमतेम १६-१७ टक्के. म्हणून विषतज्ज्ञांनी ‘पहिल्या तासात’ असा दंडक ठेवला आहे. काही विषं पोटात रेंगाळतात आणि तिथे उशिरा दिलेलाही उपयोगी पडतो. धोतऱ्याचं बी आतड्याची हालचालच मंद करतं, हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या तर बनवलेल्याच तशा असतात. पॅरासिटामॉल जास्त पोटात गेलं असेल तर कोळसा दोन तासांपर्यंत देण्यासारखा आहे, पण तिथे खरा उतारा म्हणजे एन-असेटिलसिस्टीन हे औषध. वीस गोळ्या, म्हणजे १० ग्रॅम पॅरासिटामॉल गेलं असेल, तर दहापटीच्या हिशेबाने १०० ग्रॅम कोळसा लागेल. ५० ग्रॅम देऊन ‘आता सुटला’ असं समजून घरी पाठवता येत नाही, रक्तातली पातळी बघावीच लागते.

नागपूर आणि आजूबाजूच्या कापूसपट्ट्यात कोणती विषं येतात, त्याप्रमाणे बोलू.

कीटकनाशक प्यायलं असेल तर जीव वाचवतं ते अॅट्रोपीनचं इंजेक्शन आणि श्वासाची काळजी. ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकांत कोळसा दुय्यम आहे. रुग्ण शुद्धीवर आणि लवकर आला असेल तरच द्यावा. फवारताना अंगावर उडालेलं किंवा नाकातून गेलेलं विष तर पोटात नसतंच, तिथे पोटात कोळसा घालून काय मिळणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा विष गेलं होतं ते मुख्यतः कातडीतून आणि श्वासातून. अशा वेळी कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुणं हाच पहिला उपचार, आणि तो शेतातल्या विहिरीवर सुरू करायचा, दवाखान्यात पोचल्यावर नाही. धुणाऱ्याने हातात पिशवी किंवा मोजे घालावेत. पॅराक्वॅट हे तणनाशक मात्र वेगळं. त्याला खात्रीचा उतारा नाही, म्हणून कोळसा किंवा मुलतानी मातीच्या जातीची शोषक माती जितक्या लवकर पोटात जाईल तितकं बरं. तिथे पहिल्या दवाखान्यातच द्यावा.

धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोटात गेल्या की फॉस्फीन वायू सुटतो. कोळसा तो आवरत नाही. रॉकेल, डिझेल, थिनर यांत तर कोळसा देऊच नये. त्यांचा धोका पोटापेक्षा फुप्फुसाला आहे, आणि कोळशाने उलटी झाली की तेच तेल श्वासनलिकेत उतरतं. संडास साफ करायचं आम्ल किंवा कॉस्टिक प्यायलेल्यालाही देऊ नये. एक तर ते चिकटत नाही. दुसरं म्हणजे अन्ननलिका किती भाजली हे दुर्बिणीने बघायचं असतं, आणि सगळं काळंकुट्ट झालं की काहीच दिसत नाही.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिची बी आपल्याकडे अजूनही खाल्ली जाते. तिचं विष हृदयावर चालतं. बिट्टीवर कोळसा वारंवार द्यावा का, यावर श्रीलंकेत दोन मोठे अभ्यास झाले. २००३ च्या अभ्यासात मृत्यू कमी झालेले दिसले. २००८ च्या अभ्यासात, ज्यात ४६०० हून जास्त विषबाधित रुग्ण होते, फरक दिसला नाही. म्हणून बिट्टीत लवकर आलेल्याला एक डोस जरूर द्यावा, पण भरवसा ठेवायचा तो ईसीजी मॉनिटर, अॅट्रोपीन आणि तात्पुरत्या पेसमेकरवर. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळेतली मुलं येतात, त्यांना तोवर इतक्या उलट्या-जुलाब झालेले असतात की कोळसा टिकत नाही. त्यांना सलाइनची आणि नजरेखाली ठेवण्याची गरज असते. साप-विंचू चावलेल्या जागी कोळशाचा लेप लावणं तर निव्वळ वेळ घालवणं आहे.

घरी करायचं ते एवढंच. १०८ ला फोन. तोंडातलं उरलेलं बोटाने काढणं. उलटी करवायची नाही. मिठाचं पाणी नाही, दूध नाही, अंड्याचा बलक नाही. गुंगी असेल तर डाव्या कुशीवर झोपवणं. बाटली, पाकीट, गोळ्यांची रिकामी पट्टी, झाडाची फांदी, जे असेल ते पिशवीत घालून सोबत नेणं, आणि किती वाजता खाल्लं ते कागदावर लिहून घेणं. दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीही तिथे विचारायला संकोच करू नये. नागपूर शहरात असाल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ ते. पण काटोल, उमरेड, रामटेकहून नागपूर ५०-६० किलोमीटर आहे. तिथून निघालेल्या रुग्णाचा पहिला तास रस्त्यातच संपतो. म्हणून कोळसा द्यायचाच असेल तर तो ग्रामीण रुग्णालयातच दिला पाहिजे, ‘नागपूरला गेल्यावर देतील’ हे चालत नाही. १०० ग्रॅमची दोन डबी भुकटी आणि एक झाकणाचा पेला एवढीच त्याची तयारी आहे.

देण्याची रीत दवाखान्यातल्या नव्या मुला-मुलींसाठी नीट सांगतो, कारण चुका इथे होतात. आधी श्वासमार्ग. रुग्ण पूर्ण शुद्धीवर हवा, स्वतः गिळणारा हवा. गुंगीत असेल किंवा गुंगी येणार असं विष असेल, तर श्वासनलिकेत नळी घातल्याशिवाय कोळसा नाही. कोळसा फुप्फुसात गेला तर तो तिथून निघत नाही, आणि विषापेक्षा त्यानेच माणूस जाऊ शकतो. आतडं अडकलेलं किंवा फुटलेलं असेल तरी देऊ नये. रुग्णाला ४५ अंशांत उठवून बसवा. ५० ग्रॅम भुकटीत आधी ५०-६० मिलिलिटर पाणी घालून गोळ्या न होता दाट लगदा करा, मग एकूण ४०० मिलिलिटरपर्यंत पाणी वाढवा आणि झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा. सगळं पाणी एकदम ओतलं तर भुकटी वर तरंगते, तळाशी गुठळ्या राहतात आणि निम्मा डोस भांड्यालाच लागून जातो. म्हणून भांडं परत थोड्या पाण्याने खळबळून तेही पाजा. चव काही नसते, पण वाळूसारखं चरचरीत लागतं आणि रंग बघून मुलं तोंड फिरवतात. अपारदर्शक झाकणाचा पेला, स्ट्रॉ आणि थंड पाणी यांनी बरंच काम होतं. दूध किंवा आइस्क्रीममध्ये कालवू नका, कोळसा त्यालाच चिकटत बसतो. नळीतून द्यायचं असेल तर नळी जठरातच आहे याची खात्री करूनच द्या; पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणं ही पुरेशी खात्री नव्हे, शंका असेल तर एक्स-रे. उलटी झाली तर ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध देऊन थोड्या वेळाने पुन्हा, हळूहळू.

वारंवार डोसची गोष्ट वेगळी आणि ती सासूबाईंच्या प्रश्नाशी जोडलेली आहे. पाच औषधांत, म्हणजे कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन, डॅप्सोन, क्विनीन आणि थिओफायलिन, जीवघेणी मात्रा झाली असेल तर पहिल्या ५० ग्रॅमनंतर दर चार तासांनी तेवढाच, किंवा दर दोन तासांनी २५ ग्रॅम कोळसा देतात. ही औषधं रक्तातून आतड्यात झिरपत असतात. आतड्यात कोळसा पसरलेला असला की तो त्यांना तिथेच धरतो आणि परत रक्तात जाऊ देत नाही. आतड्याच्या भिंतीतून डायलिसिस केल्यासारखंच हे आहे. दुसऱ्या डोसच्या आधी पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आतड्याचा आवाज ऐकलाच पाहिजे. आतडं थंड पडलेलं असताना डोसावर डोस दिले की आत काळी वीट तयार होते. सॉर्बिटॉल या रेचकाची मिसळ प्रत्येक डोसात देऊ नका, जुलाबाने पाणी आणि क्षार ढासळतात, मुलांत तर फार लवकर.

घरी कोळसा करता येईल का, असंही विचारलं जातं. करवंट्या जाळून, लिंबाच्या रसात भिजवून भट्टीत भाजायची कृती इंटरनेटवर फिरते. त्यातून मिळते ती राख, डांबर आणि थोडा कोळसा. तापमान पोचत नाही, छिद्रं पडत नाहीत आणि अर्धवट जळालेल्या लाकडातली कर्करोगकारक द्रव्यं धुऊन निघत नाहीत. औषधी प्रतीच्या भुकटीवर भारतीय औषधकोशाची ‘आय.पी.’ ही अक्षरं असतात. राख किती, आम्लात विरघळणारं किती, धरण्याची ताकद किती हे सगळं तिथे तपासलेलं असतं. करपलेल्या पोळीची भुकटी, कडक चहा आणि मॅग्नेशियाचं दूध असा एक ‘सर्व विषांवर उतारा’ पूर्वी पुस्तकांत असायचा. करपलेली पोळी काहीही धरत नाही. आयुर्वेदात वस्तू जाळून केलेली मषी वेगळ्या हेतूने वापरतात, तिला हा कोळसा समजू नये. आणि पाण्याच्या फिल्टरचं काडतूस फोडून आतले दाणे तर कुणी खाऊच नयेत. औषधी भुकटीची डबी घट्ट बंद ठेवावी, फिनेल किंवा रंगाच्या डब्यांजवळ नको. उघडी राहिली की ती हवेतला दमटपणा आणि वासच धरून बसते.

आता खाण्याकडे. कारखान्यात अन्नपदार्थांशी कोळशाचा संबंध जुना आहे. साखरेच्या रसाचा रंग काढायला, लिक्विड ग्लुकोज आणि तेल शुद्ध करायला तो वापरतात. पण तिथे तो आपलं काम करतो आणि मग गाळून बाहेर काढतात, ताटात येत नाही. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. काळ्या पावात तो नुसता रंगासाठी राहून जातो. युरोपात वनस्पतिजन्य कार्बनला ई-१५३ या क्रमांकाने रंग म्हणून मान्यता आहे. अमेरिकेत त्याला रंग म्हणून परवानगी नाही, आणि न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने २०१८ मध्ये उपाहारगृहांतल्या चारकोलच्या पदार्थांवर बंदी बजावली. ई-१५३ आणि सक्रिय कोळसा एकच असतील असंही नाही: रंगाला काळेपणा पुरतो, छिद्रांची गरज नसते. म्हणून दुकानात विचारायचं ते हे की रंग आहे की अॅक्टिव्हेटेड चारकोल.

मात्रा बघा. काळा पाव करणारे साधारण एक ते दोन टक्के भुकटी घालतात, म्हणजे किलोभर मैद्याला १० ते २० ग्रॅम. ६० ग्रॅम मैद्याच्या एका बर्गर पावात मग ०.६ ते १.२ ग्रॅम कोळसा येतो. ७५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने तेवढ्यात ८ ते १६ गोळ्या बसतात! विषबाधेसाठी हे काहीच नाही. पण सकाळी घेतलेल्या थायरॉईडच्या गोळीतलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. तिच्यासाठी हा ढीगभर आहे. पाव भाजल्याने कोळशाची ताकद जाते असं म्हणतात. पीठ आणि तूप त्याची काही जागा भरतात हे खरं, पण किती भरली याची हमी कुणी देऊ शकत नाही. तुम्हाला घरी काळा रंग हवाच असेल तर काळे तीळ किंवा कारळ भाजून वाटून घाला. रंग राखाडी-काळा येईल, पण चव येईल आणि सोबत पोषणही येईल. भुकटीनेच करायचं असेल तर कणीक कोरडी पडते, पाणी दोन-तीन चमचे जास्त घ्यावं लागतं, आणि ओटा-हात-रुमाल सगळं काळं होतं. मिक्सरच्या झाकणातून उडणारी भुकटी मुलांच्या नाकात जाऊ देऊ नका.

‘डिटॉक्स’ म्हणून उपाशीपोटी काळं लिंबूपाणी पिण्याला काही आधार नाही. शरीरातला कचरा यकृत आणि मूत्रपिंडं रक्तातून काढतात, आतड्यात पडलेला कोळसा तिथे पोचत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी खास गोल कणांचा एक कोळसा जपानात १९९१ पासून औषध म्हणून मिळतो, पण २०१५ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत त्याने डायलिसिस लांबवलेलं दिसलं नाही. क्रिएटिनिन वाढलं म्हणून दुकानातून चारकोल आणून खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. दातांसाठीचं चारकोल मंजन म्हणजे राखुंडीचीच नवी डबी. डाग घासून निघतात, पण सोबत दाताचं वरचं कवच झिजतं आणि मग थंड-गरम झोंबायला लागतं. रोज तर नकोच.

गॅसची गोळी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये एवढाच दावा मान्य केला: जेवणाआधी किमान अर्धा तास १ ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच १ ग्रॅम घेतल्यास जास्तीचा वायू कमी व्हायला मदत होते. ७५ मिलिग्रॅमची एक गोळी त्याच्या जवळपासही नाही. शिवाय सावजीचा त्रास बहुतेक वेळा वायूचा नसतोच. तो तेलाचा, मसाल्याचा आणि आम्लपित्ताचा असतो, आणि आम्ल तर कोळसा धरतच नाही. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी असेल तर चारकोल घेऊन काही होणार नाही. वायू खराच असेल तर तो मोठ्या आतड्यात डाळी-शेंगांवर जगणाऱ्या जिवाणूंनी केलेला असतो, आणि तिथे पोचेपर्यंत कोळशाची जागा जेवणानेच भरून गेलेली असते. हरभरा, वाटाणा आठ तास भिजवून पाणी फेका. दुधाने पोट फुगतं का ते आठवडाभर दूध बंद करून बघा. रात्री उशिरा तर्री ओतून जेवण आणि लगेच आडवं होणं, हे सोडल्याने जितका फरक पडतो तितका कोणत्याही गोळीने पडत नाही. चाळिशीनंतर ‘गॅस अडकला’ असं वाटत असताना घाम फुटला, जबडा किंवा डावा हात दुखला, तर गोळी शोधत बसू नका, ईसीजी काढा.

गोळी घेतल्यावर शौच काळी होते, दोन-तीन दिवस राहते, त्याला घाबरू नका. पण डांबरासारखी चिकट, घाण वासाची झाली आणि चक्कर येत असेल तर ते रक्त असू शकतं. वयस्करांत बद्धकोष्ठता होते, पाणी कमी प्यायलं तर जास्त. आपल्या मे महिन्यात तर हमखास. जुलाबात कोळसा देऊन ओआरएस मागे ठेवणं चूक आहे. तिथे पाणी आणि क्षारच वाचवतात, मुलाला सोबत १४ दिवस झिंक.

सासूबाईंचं. थायरॉईडच्या गोळीचा एकटीचा प्रश्न असता तर दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेवून एखाद्या वेळी चालून गेलं असतं. इतर बहुतेक औषधांसाठीही दोन तास तरी अंतर हवं. गर्भनिरोधक गोळी, रक्त पातळ ठेवणारी, टीबीची, सिकलसेलची औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनाने कोळसा घेऊच नये. पण फिटच्या औषधाला अंतराचा उपाय पुरत नाही. वर सांगितलेली पाच नावं पुन्हा बघा: कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही दोन्ही फिटचीच औषधं आहेत. सकाळी आठला गोळी घेऊन दुपारी तीनला चारकोल घेतला तरी तो रक्तातून झिरपलेलं औषध आतड्यात धरून ठेवतो. एका लहान गोळीने मोठा फरक पडणार नाही, पण सावजीच्या निमित्ताने दिवसाला चार-सहा आणि त्यावर काळा पाव असं चाललं तर औषधाची पातळी उतरू शकते, आणि ते कळतं ते फिट आल्यावरच. कुष्ठरोगाचा डॅप्सोन किंवा दम्याचा थिओफायलिन चालू असणाऱ्यांनाही हेच लागू. सांधेदुखीवर लेफ्लुनोमाइड घेणाऱ्यांना तर कोळसा मुद्दाम देतात, तो ते औषध अंगातून काढून टाकायचं असतं तेव्हा.

त्यांनी आतापर्यंत घेतल्या असतील तर आजपासून बंद करा. भरपाई म्हणून फिटच्या गोळीचा डोस वाढवू नका. गेल्या काही आठवड्यांत हात झटकणं, नजर एका जागी खिळणं, जीभ चावली जाणं असं काही झालं का, ते आठवून लिहून ठेवा आणि ज्यांनी औषध लिहून दिलं त्यांना दाखवा. गरज वाटली तर ते रक्तातली पातळी तपासतील. थायरॉईडची टीएसएच तपासणी आज नको. कोळसा बंद करून सहा ते आठ आठवडे झाल्यावर, गोळी रोज उपाशीपोटी नियमाने घेत असताना करा, नाहीतर आकडा बिघडलेला दिसेल आणि डोस उगीच वाढवला जाईल.